जपानमध्ये क्यूदो शिकायला सुरुवात करताना

टोकियो-योकोहामाकडे नोकरीला आलेली मराठी मंडळी साधारण वर्षभरात एका टप्प्याला येतात. घर लागलेलं असतं, तूरडाळ आणि कढीपत्ता कुठे मिळतो ते कळलेलं असतं, फुजी पाहून झालेला असतो. मग वाटायला लागतं की इथलं काहीतरी शिकून घ्यायला हवं. मुलांना कराटेला घातलं जातं. मोठी माणसं मात्र 'आता या वयात कुठे आपटून घ्यायचं' म्हणून मागे राहतात. अशा लोकांसाठी क्यूदो ही जपानी धनुर्विद्या हा फार चांगला मार्ग आहे. यात आपटणं नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही, आणि पन्नाशीत सुरुवात केली तरी कुणी भुवया उंचावत नाही. कोणत्याही दोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, गेलात तर शाळेतल्या मुली आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा एकाच रांगेत उभे राहून बाण सोडताना दिसतील.

फायद्यांची यादी देण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण सगळे फायदे तिच्यावर अवलंबून आहेत. क्यूदोत लक्ष्यावर बाण मारायला फार उशिरा देतात. पहिले कित्येक आठवडे हातात खरं धनुष्यसुद्धा येत नाही. हा उशीर म्हणजे वाया गेलेला वेळ, असं समजून बरेच जण सोडून जातात. शरीराला जे मिळायचं ते मात्र याच काळात मिळतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्यात त्याच क्रमाने घ्या. एखादी गाळून पुढे जायची सोय इथे नाही.

काय मिळतं, काय मिळत नाही

वजन कमी करायचं असेल तर पळायला जा. स्वसंरक्षण शिकायचं असेल तर ज्युदो शिका. दोन मीटरहून लांब धनुष्य घेऊन कुणी लोकलमध्ये स्वतःचं रक्षण करत नाही.

मिळतं ते असं. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून पुढे आलेले खांदे मागे जातात, कारण हे धनुष्य दंडाच्या जोरावर नीट ओढताच येत नाही. ते पाठीच्या आणि खांद्याच्या पात्यांच्या स्नायूंनी उघडावं लागतं. उभं राहण्याची ढब बदलते. श्वास मंदावतो, कारण प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली असते आणि घाईत श्वास चुकला की नेमही चुकतो. तासभर फोन हातात नसतो, हाही फायदाच. शिवाय भाषा सुधारते. कार्यालयातलं जपानी बऱ्याचदा इंग्रजीच्या आधाराने निभावतं. दोजोत मात्र सत्तर वर्षांच्या सेन्सेईंशी, म्हणजे शिक्षकांशी, जपानीतच बोलावं लागतं.

खांदा आखडलेला असेल, मानेच्या मणक्याचा त्रास असेल किंवा मनगटाला जुनी दुखापत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघे दुखत असतील तर घाबरायचं कारण नाही. बसून बाण लावायच्या पद्धतीऐवजी उभ्यानेच सगळं करायची 'रिश्शा' ही मान्य पद्धत आहे. पहिल्याच दिवशी सेन्सेईंना गुडघ्यांबद्दल सांगून टाका.

पहिली पायरी: नुसतं पाहायला जा

बहुतेक शहरांत आणि टोकियोच्या अनेक कुंमध्ये, म्हणजे महापालिकेसारख्या प्रभागांमध्ये, सार्वजनिक क्रीडासंकुलात क्यूदोचा दोजो असतो. तिथल्या कार्यालयात जाऊन 'केन्गाकु', म्हणजे पाहायला येऊ का, असं विचारा. बहुतेक वेळा होच म्हणतात.

दोजोची रचना पाहून घ्या. ज्या लाकडी फरशीवरून बाण सोडतात तो भाग शाजो. त्यापुढे उघडं अंगण, आणि पलीकडे छपराखाली वाळूचा उतरता ढिगारा, त्याला आझुची म्हणतात. त्यात लक्ष्य रोवलेलं असतं. नेहमीचं अंतर 28 मीटर आणि लक्ष्याचा व्यास 36 सेंटीमीटर. 60 मीटरचा प्रकारही आहे, पण नवख्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

धनुष्याकडे पाहताच जाणवेल की ते माणसाहून उंच आहे. साधारण धनुष्य 221 सेंटीमीटरचं असतं, उंच माणसांसाठी 227 सेंटीमीटरचं. आणि ते मधोमध धरत नाहीत. मूठ खालून साधारण एक-तृतीयांश उंचीवर असते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे कंपाउंड धनुष्य घरोघरी माहीत झालंय. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, त्यांच्या हातातलं ते धनुष्य. त्यात चाकं असतात, पूर्ण ताणल्यावर ती बरंचसं वजन स्वतःवर घेतात, नेमासाठी भिंगही असतं. जपानी धनुष्यात यातलं काहीही नाही. चाक नाही, भिंग नाही, तोल सावरणारे दांडे नाहीत. पूर्ण ताणलं की सगळा भार तुमच्याच पाठीवर.

दुसरा फरक अंगठ्याचा. ऑलिंपिकमधले तिरंदाज तीन बोटांनी दोरी ओढतात. क्यूदोत उजव्या हातात काके नावाचा हरणाच्या कातड्याचा हातमोजा असतो, त्याच्या कडक अंगठ्याच्या बुडाशी खाच असते आणि दोरी त्या खाचेत अडकवून ओढतात. बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला टेकतो. एकलव्याची गोष्ट ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या लोकांना, द्रोणाचार्यांनी नेमका अंगठाच का मागितला, ते हा मोजा घातल्यावर हाताला कळतं.

डावखुऱ्यांना एक सूचना. इथे सगळे धनुष्य डाव्या हातातच धरतात आणि उजव्या हाताने ओढतात. डावखुऱ्यांसाठी वेगळी पद्धत नाही. दोन्ही हातांना सारखंच काम असल्यामुळे फारसं अडत नाही.

पाहायला गेलात की लक्ष्याकडे पाहू नका. सराव करणाऱ्यांचे पाय, कंबर आणि खांदे पाहा. पाहून शिकण्याला इथे मितोरी-गेइको म्हणतात आणि तो सरावाचाच भाग मानतात.

दुसरी पायरी: वर्गात नाव घालणं

वाटलं तेव्हा जाऊन सदस्य होता येईल, अशी सोय बहुतेक सार्वजनिक दोजोंत नसते. आधी नवशिक्यांचा वर्ग करावा लागतो, त्याला 'शोशिन्शा क्योशित्सु' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तो वर्षातून एक-दोनदाच भरतो. जाहिरात कुंच्या बातमीपत्रात येते, तेच बातमीपत्र जे आपण पत्रपेटीतून काढून थेट रद्दीत टाकतो. ते टाकू नका, किंवा कुंच्या संकेतस्थळावर क्रीडा विभाग पाहत जा.

अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. काही ठिकाणी अजूनही 'ओफुकु हागाकी', म्हणजे जोडपोस्टकार्ड, पाठवावं लागतं: एका बाजूला तुमचा अर्ज, दुसरीवर तुमचाच पत्ता, त्यावर ते उत्तर धाडतात. अनेकदा त्या कुंमध्ये राहणारा किंवा काम करणारा हवा, अशी अट असते. निशी-कासाईत राहून शिंजुकुत काम करणाऱ्याला त्यामुळे दोन ठिकाणी अर्ज करता येतो, ही बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

शुल्क खाजगी जिमच्या मानाने अगदी किरकोळ असतं, आणि वर्गात धनुष्य, बाण, हातमोजा बहुधा दोजोचाच वापरायला मिळतो. क्रीडा विम्याचा अर्ज पुढे केला तर तो भरा. फॉर्मवर नाव कसं लिहायचं याचा घोळ होतो. जपानी लिपीत, तुमच्या झाइर्यू कार्डाच्या (परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्राच्या) कागदपत्रांशी जुळेल असंच लिहा आणि पुढे सगळीकडे तेच वापरा, नाहीतर परीक्षेच्या वेळी डोकेदुखी होते.

तिसरी पायरी: काय घालायचं, काय काढून ठेवायचं

पहिल्या वर्गांना हाकामाची, म्हणजे घोळदार चुण्यांच्या पारंपरिक पायघोळ वस्त्राची, गरज नसते. अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि पांढरे मोजे पुरतात. छातीवर खिसा नको, बटणं नकोत, टोपीवाला सदरा नको, कारण दोरी सुटताना त्यात अडकते. बाण सुटताना दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूने, गालाजवळून आणि कानाजवळून प्रचंड वेगाने जाते.

म्हणून कानातले, गळ्यातली साखळी, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवायचं. मंगळसूत्रही. ते काढायला मन घेत नसेल तर निदान सदऱ्याच्या आत घालून, वर छातीची कातडी ढाल बांधा. 'मुनेआते' नावाची ही ढाल स्त्रियांना तशीही बांधावीच लागते. केस मोकळे नकोत. चष्मा चालतो, पण तो घट्ट बसणारा असू द्या.

पुढे तुम्ही रुळलात की पांढरा वरचा अंगरखा, काळा किंवा गडद निळा हाकामा, कमरेचा ओबी आणि ताबी हे पांढरे मोजे लागतील. पहिल्या दिवशी ते घालून गेलात तर उगाच सगळ्यांच्या नजरेत याल.

चौथी पायरी: रबराचं धनुष्य

इथून खरं शिक्षण सुरू होतं आणि इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात.

हातात येते एक काठी आणि तिला बांधलेलं रबर. तिला गोमुयुमी म्हणतात. ती घेऊन 'हास्सेत्सु', म्हणजे बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या, पुन्हा पुन्हा करायच्या. पाय लावणं ती आशिबुमी. धड स्थिर करणं ती दोझुकुरी. दोरी आणि मूठ धरून लक्ष्याकडे वळणं युगामाए. दोन्ही हात डोक्याच्या वर उचलणं उचिओकोशी. हात उचलल्या जागेवरून खाली आणताना दोन्ही बाजूंना उघडणं हिकिवाके. पूर्ण ताणून थांबणं काई. सुटणं हानारे. आणि सुटल्यावर त्याच स्थितीत राहणं झान्शिन.

पहिल्या दोन पायऱ्यांवर तुम्हाला कंटाळा येईल इतका वेळ घालवतील. घालवू द्या. दोन्ही पावलांच्या अंगठ्यांची टोकं लक्ष्याच्या मध्याशी एका रेषेत यायला हवीत, पावलांमध्ये अंतर साधारण तुमच्या उंचीच्या अर्धं, कोन साठ अंशांच्या आसपास. त्यावर कंबर, त्यावर खांदे, तिन्ही रेषा एकमेकींवर समांतर, आणि त्यांच्यातून उभा गेलेला कणा. वरून पाहिलं तर तीन आडव्या रेषा एकावर एक बसलेल्या दिसाव्यात. हे बसलं नाही तर पुढचं काही बसत नाही. खांदा जरासा वर चढला की सुटताना बाण भरकटतो, आणि तो खांद्यामुळे भरकटला हे तुम्हाला महिनाभर समजत नाही.

गोमुयुमी घरी आणून आरशासमोर दहा मिनिटं करत राहिलात तरी पुष्कळ झालं. डोक्यावर पंखा किंवा दिवा नाही ना, तेवढं बघा. अपार्टमेंटची छतं बुटकी असतात.

डाव्या हाताच्या मुठीबद्दल, 'तेनोउचि'बद्दल, सगळे सेन्सेई बोलत राहतात. धनुष्य घट्ट आवळायचं नाही. जुनी शिकवण अशी की मुठीत अंडं असल्यासारखं धरा. कारण बाण सुटल्यावर धनुष्य मुठीत आपोआप फिरतं आणि दोरी हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबते. याला युगाएरी म्हणतात. नवखे लोक ते पाहून मुद्दाम मनगट फिरवून ते घडवायला जातात. तसं करू नका. मूठ बरोबर असेल तर ते आपोआप होतं, आणि चुकीच्या मुठीतून घडवलेलं युगाएरी पुढे काढून टाकायला फार कष्ट पडतात.

यानंतर खरं धनुष्य देतात, पण बाणाशिवाय. नवख्यांना हलकं, बहुधा 8 ते 12 किलो ताणाचं, फायबरचं धनुष्य मिळतं. ते ताणायचं आणि हळूच परत आणायचं. बाण नसताना ताणून दोरी सोडायची नाही. कधीच नाही. धनुष्य तुटू शकतं आणि तुमचा चेहरा जवळच असतो. थट्टेतसुद्धा कुणाच्या दिशेने धनुष्य ताणलं तर दोजोतून नारळ मिळेल, आणि ते योग्यच आहे.

पाचवी पायरी: माकिवारा

माकिवारा म्हणजे तांदळाच्या पेंढ्याची घट्ट बांधलेली मोठी गुंडाळी, छातीच्या उंचीवर ठेवलेली. तिच्यासमोर एका धनुष्याच्या अंतरावर उभं राहून बाण सोडायचा. चुकायची शक्यताच नसते, म्हणून नेमाची चिंता सुटते आणि फक्त आठ पायऱ्या उरतात.

हा माझा सगळ्यात आवडता भाग. लक्ष्य समोर नसताना बाण सुटण्याचा खरा आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज चांगल्या आणि वाईट हानारेतला फरक सांगतो. बरेच जुने लोक, अगदी सहाव्या-सातव्या दानचे (दान म्हणजे वरच्या श्रेणी), रोजच्या सरावाची सुरुवात माकिवारापासूनच करतात. नवख्यांना वाटतं हे लहान मुलांचं काम.

काळजी एकच: बाण पेंढ्यावरून उलट उडू शकतो. दुसरा कुणी माकिवारावर सोडत असताना बाजूला उभं राहून गप्पा मारू नका. आणि बाण स्वतःच्या हाताला पुरेसा लांब आहे याची खात्री करा. गळ्याच्या मध्यापासून डाव्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत, त्यावर काही सेंटीमीटर जादा, असं माप घेतात. नवख्यांसाठी आणखी थोडा जास्तच. आखूड बाण पूर्ण ताणताना आत सरकून हातातच घुसू शकतो. म्हणून मित्राचा बाण मागून घ्यायचा नाही, तो तुमच्यापेक्षा उंच असल्याशिवाय.

सहावी पायरी: 28 मीटर, आणि हायाके नावाचा रोग

अखेर एके दिवशी सेन्सेई म्हणतील, जा, लक्ष्यावर सोड. पहिले बाण अंगणातच पडतील, आझुचीपर्यंत पोहोचणारही नाहीत. कुणी हसत नाही.

नेम कसा धरायचा ते इथे शिकवतात. दोन्ही डोळे उघडे. धनुष्याच्या डाव्या कडेने लक्ष्य पाहायचं, अशा रीतीने की लक्ष्य अर्धं झाकलं जाईल, अर्धं दिसेल. बाण गालाला टेकलेला, साधारण ओठांच्या उंचीवर. दोरी कानाच्या मागे गेलेली. एवढं झालं की थांबायचं. काही सेकंद. त्या थांबण्यात नुसतं स्थिर राहायचं नाही. डावा हात लक्ष्याकडे आणि उजवा कोपर मागे असं ताणत राहायचं. पाचेक सेकंद नीट साधली तरी उत्तम.

लक्ष्य समोर आलं की बहुतेकांना हे थांबणं जमेनासं होतं. पूर्ण ताणायच्या आतच बोटं सुटतात. मनात नसताना सुटतात. माकिवारावर सात सेकंद थांबणारा माणूस लक्ष्यासमोर अर्धं सेकंद थांबत नाही. याला हायाके म्हणतात, आणि क्यूदोत हा अतिशय प्रसिद्ध रोग आहे. शाळकरी मुलांनाही होतो, दहा-दहा वर्षं करणाऱ्यांनाही होतो. कारण हात नसतो, बाण लागावा ही इच्छा असते. ती जितकी जोरदार, तितकं लवकर सुटतं.

ज्यांना गोमुयुमीचे आठवडे फुकट गेल्यासारखे वाटले होते, त्यांना हा रोग आधी गाठतो, असं मी दोजोत पुन्हा पुन्हा पाहिलंय. उपचार म्हणजे मागे जाणं. हलकं धनुष्य, माकिवारा, कधी पुन्हा रबराची काठी. कार्यालयात पदोन्नती मिळवलेल्या माणसाला पुन्हा रबर ओढायला सांगितलं की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. पण जो तक्रार न करता मागे गेला, तो पुढच्या हिवाळ्यात सरळ बाण सोडताना दिसतो.

नेमाचा हा हव्यास जुनाच आहे. बंदुका आल्यावर युद्धात धनुष्य मागे पडलं, आणि सतराव्या शतकात क्योतोच्या सांजूसांगेन्दो देवळाच्या सुमारे 120 मीटर लांबीच्या ओसरीत, छताला न लागता या टोकापासून त्या टोकापर्यंत किती बाण जातात, याच्या चढाओढी लागल्या. 1686 साली वासा दाइहाचिरो याने एका दिवस-रात्रीत 13,053 बाण सोडले आणि त्यातले 8,133 पार गेले. तो विक्रम पुढे कुणी मोडला नाही. आजही जानेवारीत तिथे वीस वर्षांची मुलं-मुली रंगीत किमोनोत 60 मीटरवर बाण सोडतात. एकदा पाहून याच. आजचं क्यूदो मात्र त्या विक्रमापेक्षा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वळणाचं आहे. 1949 साली अखिल जपान क्यूदो संघटना स्थापन झाली आणि वेगवेगळ्या घराण्यांच्या पद्धतींतून आताचा सामाईक क्रम ठरवला गेला.

बाण आणायला जाणं, वाळू चोपणं

याला कुणी पायरी म्हणत नाही, पण नवख्याची परीक्षा इथेच होते. सगळ्यांचे बाण सुटले की टाळी वाजते, कुणीतरी मोठ्याने सांगतं, अनेक ठिकाणी लाल निशाण किंवा दिवा लागतो, आणि मगच बाण आणायला जायचं. याला यातोरी म्हणतात. निशाण असेपर्यंत शाजोवर कुणीही धनुष्य उचलायचं नाही. आणलेले बाण पुसून, ज्याचे त्याला जागच्या जागी ठेवायचे. पाणी शिंपडून आझुची चोपायची. फरशी पुसायची. आत येताना आणि जाताना कामिझाला, म्हणजे दोजोतल्या मानाच्या जागेला, वाकून नमस्कार. सुरुवातीला 'ओनेगाई शिमासु', शेवटी 'आरिगातो गोझाइमाशिता'.

वर्ग नेमका कधी संपतो, असं विचारू नका; फरशी पुसून झाली की संपतो. जे नवखे स्वतःहून फडकं उचलतात त्यांना ज्येष्ठ लोक अधिक शिकवतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण अगदी खरं आहे.

सातवी पायरी: खरेदी, उलट्या क्रमाने

उत्साहात लोक पहिल्यांदा धनुष्य विकत घेतात. ते सगळ्यात शेवटी घ्या. ताकद वाढते तसं पहिल्या वर्षात तुमच्यासाठी योग्य वजन दोनदा बदलू शकतं.

पहिली वस्तू काके. ती हाताच्या मापाचीच हवी, उसनी कितीही चांगली असली तरी. तीन बोटांचा प्रकार नवख्यांसाठी चालतो. आत घामासाठी सुती मोजा, त्याचे दोन-तीन जोड ठेवा, जपानचा उन्हाळा दमट असतो. चामडं वापरणं तुमच्या घरी चालत नसेल तर हा प्रश्न आधीच सेन्सेईंशी बोलून सोडवा, दुकानात उभं राहून नव्हे. दुसरी वस्तू बाण: चार किंवा सहांचा संच, अॅल्युमिनियमच्या नळीचा पुरे. पिसं टर्कीची घ्या. गरुड-ससाण्याच्या पिसांवर कायद्याची बंधनं आहेत आणि सीमा ओलांडताना ती अडचणीत आणतात. मग हाकामा-अंगरखा. धनुष्य शेवटी, आणि घेताना सेन्सेईंना बरोबर न्या किंवा निदान त्यांच्याकडून वजन लिहून घ्या. बांबूचं धनुष्य पाहून मोहात पडू नका. ते सांभाळणं हाच एक वेगळा अभ्यासक्रम आहे.

घरी नेताना धनुष्य लोकलमध्ये उभं धरावं लागतं. गर्दीची वेळ टाळा. बऱ्याच दोजोंत सदस्यांची धनुष्यं ठेवायला जागा असते, ती विचारून घ्या.

परीक्षा द्यायची का

द्या. आधी क्यू श्रेणी, मग दान. परीक्षेत दोन बाण सोडायचे असतात आणि एक छोटी लेखी परीक्षाही असते, तिची तयारी जपानी येणाऱ्या मित्राला हाताशी धरून करा. पहिल्या दानसाठी बाण लक्ष्यात लागलाच पाहिजे असं बंधन नाही. चालणं, बसणं, आठ पायऱ्या नियमाप्रमाणे आणि बाण इतस्ततः न विखुरणं, एवढं पाहतात. 'किझा' नावाची बैठक, पायाची बोटं दुमडून टाचांवर बसण्याची, इथे लागते. मांडीची सवय असलेल्या आपल्या लोकांच्या घोट्यांना ती जड जाते, म्हणून रोज रात्री टीव्ही पाहताना दोन मिनिटं बसत जा.

बदली होऊन परत जायची वेळ आली तर धनुष्याचा विचार आधी करा. दोन मीटरहून लांब वस्तू प्रत्येक विमान कंपनी घेत नाही, आणि घेतली तर जादा सामानाचे पैसे पडतात. बाण कधीही हातसामानात नेऊ नका. काके आणि रबराची काठी बॅगेत सहज मावते. तुमची श्रेणी संघटनेच्या नोंदीत राहते, पण दाखला जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय क्यूदो संघटना 2006 पासून आहे, आणि पुढची नोकरी जर्मनीत किंवा अमेरिकेत लागली तर तिथल्या दोजोत तोच दाखला दाखवून, त्याच आठ पायऱ्या पुढे चालू ठेवता येतात.